आधी खोडी सांगणारे आप्पा

आप्पांकडे कुणी जुनी गाडी बघायला आलं, की ते आधी तिच्या खोडी सांगत. किंमत नंतर, पहिला मालक कोण ते नंतर, चहासुद्धा नंतर. काळी टोपी कपाळावरून मागे सरकवायची, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा बॉनेटवर हात ठेवायचा आणि सुरू करायचं. विसरवाडीच्या नाक्यावर जुने ट्रक, जीप, ट्रॅक्टर यांची दलाली करणारे आणखीही होते. ते गुण सांगत. आप्पा खोडी सांगत, आणि तरीही गिऱ्हाईक घुटमळत घुटमळत शेवटी त्यांच्याच बाकड्यावर येऊन बसे. सगळा नाका त्यांना खोडीआप्पा म्हणे. तोंडावर मात्र नुसतं आप्पा.

माझी त्यांची ओळख झाली ती एका डिझेलच्या जीपमुळे. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. तेव्हा आमचा जिल्हा धुळेच होता. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि डॉक्टरांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, विसरवाडीत दवाखाना थाटला होता. ते साताऱ्याकडचे. माझे वडीलही मूळचे तिकडचेच, पण शाळामास्तर म्हणून शहाद्याला आले आणि लोणखेड्यात घर करून राहिले. मी तिथेच जन्मले. शाळेत शुद्ध मराठी आणि अंगणात अहिराणी, अशी वाढले. त्यामुळे विसरवाडीत पेशंट आपलं दुखणं सांगू लागला, की डॉक्टर माझ्याकडे बघत आणि मी मराठीत सांगे. डोंगरातल्या कोकणी या आदिवासी जमातीच्या आणि भिल्ल बायांचं बोलणं मलाही अर्धंच कळायचं. मग हातवारे होतेच.

डोंगरातल्या पाड्यांवरून बोलावणी येत आणि डॉक्टरांकडे फक्त सायकल होती. पावसाळ्यात सायकलच डॉक्टरांच्या खांद्यावर बसून येई. म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. नवी परवडणार नव्हती. आप्पांकडे एका लाकूडठेकेदाराने विकायला ठेवलेली जीप होती. मूळची लष्कराने लिलावात काढलेली, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेली, चारही चाकांना जोर देणारी. हिरवा रंग ताजा होता. डॉक्टरांना ती बघताक्षणी आवडली. ते आप्पांनी ओळखलं असावं, कारण ते डॉक्टरांना सोडून माझ्याकडे वळले.

"कोठली शे तू, बेटा?"

"लोणखेड्याची."

"मंग तूच आयक. गाडी चांगली शे. पन पहिले तिन्या खोडी आयक. तुन्हा घरवाला इसरी जाई. तू इसरू नको."

डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणतात?" मी म्हटलं, "तुम्ही विसराल म्हणतात." डॉक्टरांना ते आवडलं नाही, पण ते ऐकत उभे राहिले.

"सकायले ती लवकर उठत नही. तिले उतारवर उभी करनी पडस." हे मी मराठीत सांगितलं: थंडीत इंजिन लवकर सुरू होत नाही, म्हणून उतार बघून उभी करायची. "पानी भलतं पेस." रेडिएटर गळतो. "उतारवर तिसरा गेर सुटी जास, हात ठेवना पडस." हे डॉक्टरांना न सांगताच कळलं. "नदीमाईन बाहेर निंघनी का घडीभर ब्रेक लागत नही." इथे मी सांगता सांगता थांबले आणि आप्पांनाच विचारलं, "मग काय करायचं?"

"हयूहयू चालवत पाय दाबत ऱ्हावानं. ब्रेक सुकी जातस."

पुढे आणखी होत्या. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन गुदमरतं. नट ढिला करून बुडबुडे जाईपर्यंत हाताने पंप मारावा लागतो. चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, त्यासाठी एक तार ओढावी लागते, आणि ती तार कधी कधी हातात येते. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा एकदा पाडला की परत उठायला कुरकुरतो. गाडी थोडी मागे घेतली की सुटतो. आप्पा सांगत होते आणि त्यांचा हात गाडीवरून फिरत होता. फाळक्यावर, चाकावर, दाराच्या कडीवर. शेवटी मी न राहवून म्हटलं, "आप्पा, मग हिच्यात चांगलं काय आहे?"

ते हसले. पुढचा एक दात नव्हता, त्या फटीतून हसू आधी बाहेर यायचं. "कितली बी रुसनी, तरी घर लई येस."

जीप आमच्या दारात आली. दार थोडं उंचावर होतं, जीप उतारावर उभी करता येई, तेवढ्यासाठीच आम्ही ते घर बदललं नाही.

आप्पा एकटेच राहत. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, एक मुलगी शहाद्याला दिलेली. नाक्यावर चिंचेखाली बाकडं, मागे पत्र्याची खोली, आणि पुढच्या मोकळ्या जागेत विकायला आलेल्या गाड्या. गाडी विकली की त्यांचा व्यवहार संपला असं कधी झालं नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी आमच्याकडे येत. घरात शिरण्याआधी जीपपाशी थांबत. सागाची एक काठी होती त्यांच्याकडे. तिचं एक टोक चालू इंजिनला लावायचं आणि दुसरं कानाला. डॉक्टरांना याची फार मौज वाटे. एकदा त्यांनी स्वतःची छाती तपासायची नळीच आप्पांच्या कानात घातली. आप्पांनी इंजिन ऐकलं, मग स्वतःची छाती ऐकली आणि नळी परत देत म्हणाले, "इंजिन मन्हापेक्षा बरं शे."

जीपच्या तक्रारी ते माझ्याकडून ऐकत. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणत, छान चालते. मी सांगे, काल परत पाणी गळलं. आप्पा म्हणत, मूठभर हळद टाक रेडिएटरमध्ये, भोक बुजेल. मी हसले होते. पण हळद टाकली आणि गळती बरेच दिवस थांबली. टाकीला चीर गेली तेव्हा त्यांनी अंगाचा साबण मळून लावला. त्या वर्षी आमच्या घरात किराण्याच्या यादीत हळद आणि साबण नेहमीपेक्षा जास्त येत, आणि वाण्याला वाटे डॉक्टरांकडे पाहुणे फार.

खोडी सांगण्याची सवय गाड्यांपुरती राहिली नव्हती. नाक्यावर येणारे-जाणारे त्यांना लग्नाची स्थळंही विचारत, कारण गाड्यांच्या निमित्ताने त्यांना गावोगावची घरं ठाऊक. तिथेही तोच प्रकार. माझ्यासमोर एका मुलीच्या बापाला ते म्हणाले, "पोऱ्या कामले वाघ शे. पन माय बोलनी का बायकोनं आयकत नही." बाप उठून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला आणि लग्न ठरलं. मी विचारलं, आप्पा, कशाला सांगता? ते म्हणाले, आधी सांगितलेली खोड घरातली होते, नंतर कळलेली खोड भांडण होते. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की मी ते बरीच वर्षं माझंच म्हणून वापरलं.

त्या जीपवर माझा खरा जीव बसला तो एका पावसाळ्यात. नवापूरकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर बाई अडली होती. अशा वेळी डॉक्टर मला सोबत नेत. बाईची अवस्था बघून तिला नवापूरला न्यायचं ठरलं. मागे गोधडी अंथरून तिला घेतलं, तिची सासू आणि मी दोन्ही बाजूंना. वाटेत नदीला मांडीपर्यंत पाणी होतं. डॉक्टरांनी दांडा पाडला, चारही चाकं वाळूत रुतत, सुटत निघाली. पाणी पायाशी आलं, सासूने येशूचं नाव घ्यायला सुरुवात केली. पलीकडच्या काठावर गाडी चढली आणि थोडं पुढे जाऊन गुदमरून बंद पडली.

मी ओरडले, "नळीत हवा! नट ढिला करा!" डॉक्टर खरंच विसरले होते. त्यांनी नट ढिला केला, पंप मारला, बुडबुडे गेले. पण बॅटरीने मान टाकली. रविवार होता. प्रार्थनेहून घरी परतणारी माणसं वाटेवर होती, स्वच्छ धुतलेल्या कपड्यांतली. ती धावत आली आणि त्याच कपड्यांनिशी चिखलात उतरून त्यांनी धक्का दिला. इंजिन धडधडलं. उतार लागला तेव्हा मी पुन्हा ओरडले, "ब्रेक सुकवा!" बाई नवापूरला पोचली, तिला मुलगा झाला, दोघं वाचली. परत आल्यावर मी आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जीपकडे तोंड करून म्हणाले, "शाबास." मला की तिला, ते कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात डॉक्टर एकटेच एका पाड्यावरून परत येत होते. भर दुपार, कोरडा रस्ता. घाटातल्या एका वळणावर पुढून काडकन आवाज आला, स्टिअरिंग हातातल्या हातात मोकळं फिरलं आणि जीप रस्ता सोडून खालच्या चरात आडवी झाली. सागाच्या झाडाला अडकली म्हणून पुढे गेली नाही. पाड्यावरच्या माणसांनी डॉक्टरांना बाजेवर घालून आणलं. डावी मांडी मोडली होती. धुळ्याला नेलं, हाड बसवलं, कमरेपासून प्लास्टर घातलं. पुष्कळ दिवसांनी घरी आणलं तेव्हा तापाची साथ चालू होती आणि दाराशी पेशंट बसलेले. डॉक्टर खाटेवर पडून तपासत आणि मी औषधं देई.

जीप तोवर चरातच पडून होती. ती काढायला आप्पा बैलजोड्या घेऊन गेले. मीही गेले. ती सरळ उभी राहिल्यावर आप्पा पाठीवर निजून तिच्याखाली शिरले. बराच वेळ आले नाहीत. मी वाकून बघितलं. पुढची स्प्रिंग जिथे सांगाड्याला अडकवलेली असते, तिथे सांगाडा तुटला होता, आणि आप्पांचं बोट त्या तुटलेल्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरत होतं.

"आठे काय रंग शे, बेटा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, वरच्या बाजूला चकचकीत आहे, पण खाली सगळा तांबडा गंज आहे. वर हिरवा रंग मारलाय.

"गंज," ते म्हणाले. "मंग तडा जुना शे."

बस, एवढंच. बैल जीप ओढत होते आणि ते तिच्या फाळक्याला धरून चालत होते. मला वाटलं, थकलेत.

घरी आल्यावर ते सरळ डॉक्टरांच्या खाटेपाशी गेले. टोपी काढली. मी त्यांना टोपी काढलेलं पहिल्यांदाच बघितलं. "डॉक्टरसाहेब, मन्ही एक खोड तुम्हले सांगानी ऱ्हाई गई."

डॉक्टरांना आताशा बोली समजू लागली होती, पण त्यांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. आप्पाच पुढे बोलले.

"मले दखात नही. दोन वरीस व्हई गयात. माणूस उजेडमा उभा ऱ्हायना का सावलीनायक दखास. हात लाईसन, आवाज आयकीसन चालाडी लिधं. कोनले सांगू? आंधया दलालपाईन गाडी कोन लेई?"

मग मला एकेक आठवायला लागलं. गाडीवरून सतत फिरणारा हात. काठी. मी काही न बोलता समोर उभी राहिले की ते "कोन?" म्हणत, आणि मी समजे की थट्टा करतात. चहाचा कप मी त्यांच्या हातातच द्यायची, कारण ते खाली ठेवलेला उचलत नसत. मी समजे, जुन्या वळणाचे आहेत. ज्या घरात रोज डोळे-जीभ-नाडी बघायचं काम चाले, त्या घरात ते दोन वर्षं येत होते आणि आमच्या ध्यानात आलं नाही.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, फार राग आला. डॉक्टर मरता मरता वाचले होते. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही विकत का राहिलात? बंद करायचं ना!" तडा जुना की नवा हे आम्हाला कधीच कळलं नसतं. ते गप्प राहिले असते तर आम्ही ठेकेदाराला नाहीतर नशिबाला बोल लावला असता. हे माझ्या लक्षात आलं, पण नंतर. त्या क्षणी नाही.

डॉक्टर मात्र वेगळंच बोलले. "आप्पा, जवळ या. खिडकीकडे तोंड करा." झोपल्या झोपल्या त्यांनी आप्पांच्या पापण्या वर केल्या, टॉर्चचा उजेड टाकला. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. पिकलाय. हा काढता येतो."

आप्पांना ते खरं वाटलं नाही. त्यांचे वडीलही म्हातारपणी असेच अंधारात गेले होते, आणि घरात सगळ्यांनी ते वयाचं देणं म्हणून स्वीकारलं होतं. मग त्यांनी मान हलवली, पण ऑपरेशनचं उद्यावर टाकलं. म्हणाले, "ज्यास्ले मी गाड्या इक्यात, त्यास्ना घर पहिले जानं शे. मंग डोयास्नं दखसूत." दोन वर्षांत न बघता विकलेली प्रत्येक गाडी त्यांना पुन्हा तपासायची होती. आणि तडा, गंज, निसटलेली पिन बघायला डोळे लागतात. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. माझ्याकडे तोंड करून फक्त उभे राहिले.

माझा राग गेला नव्हता. पण डॉक्टर म्हणाले, "जा. माझ्यासारखा आणखी कुणी पडायला नको." माझी आई लोणखेड्याहून आमच्याकडे येऊन राहिली, आणि मी आप्पांबरोबर निघाले.

एस.टी.ने, बैलगाडीने, कधी पायी आम्ही गावं घेत गेलो. आप्पा गावाच्या वेशीवरच मालकाचं घर विचारत आणि दारात उभं राहून आधी स्वतःची खोड सांगत. "मी आंधया शे. तुम्हनी गाडी न दखता इकी. आते दखाले उनू." मग मी पदर खोचून गाडीखाली शिरे. ते वरून विचारत आणि मी खालून सांगे. पहिल्या दिवशी मला नट आणि पिन यांतला फरक कळत नव्हता. माझी लुगडी ग्रीसने खराब झाली ती कायमची. लोक गोळा होत. डॉक्टरीणबाई गाडीखाली, हे बघायला सगळी आळी येई.

सगळे नीट वागले असं नाही. एका कापूसवाल्याने आम्हाला दारातूनच घालवलं. आंधळ्याची गाडी म्हटली तर उद्या आपली गाडी कोण घेईल, म्हणाला. एकाने हसून पोट धरलं. विसरवाडीच्या नाक्यावर इतर दलालांना तर दिवाळीच. आप्पांच्या बाकड्यावर कुणी बसेना. चहावाल्यानेही एकदा विचारलं, "आप्पा, माझा चहा तरी दिसतो ना?" आप्पा म्हणाले, "वासनं कयस. दूध कमी शे."

शहाद्याच्या पुढे तापीकाठच्या एका गावात गुजर कुटुंबाने आप्पांकडून जीप घेतली होती. केळीची बाग, ऊस, भरलेलं घर. पोरांना रोज शहाद्याच्या शाळेत त्याच जीपने सोडत. मी खाली शिरले. आप्पा म्हणाले, स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडलाय तिथे हात लाव. नटमधून आरपार पिन आहे का?

"नाही," मी म्हटलं.

"नट फिरस का?"

मी दोन बोटांनी फिरवला. तो फिरला. अगदी सहज, डब्याच्या झाकणासारखा. मी तसं सांगितलं. बाहेर आले तेव्हा घरातली म्हातारी ओट्यावरून खाली उतरली होती. तिच्या हाताला एक नात होती. ती आप्पांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"पोरं बसतात यात. रोज बसतात. आणि हे तुम्ही आज सांगता?"

"आज सांगस," आप्पा म्हणाले. "काल सांगाले पाहिजे व्हतं."

म्हातारी त्यांना बरंच बोलली. गुजरीत, मराठीत, मध्येच हिंदीत. तिचा मुलगा माझ्याकडून तो नट बघून घेत होता. बोलून बोलून म्हातारी थांबली, श्वास घेतला आणि घरात वळता वळता म्हणाली, "हात धुवा दोघं. जेवल्याशिवाय जायचं नाही." जेवताना तिने आप्पांच्या ताटात कुठे काय वाढलंय ते सांगितलं: भाजी उजवीकडे, लोणचं वर, तूप भाकरीवर. माझा राग कुठे गेला ते मला त्या पंगतीत कळलं नाही, पण उठले तेव्हा तो नव्हता.

सगळ्या गाड्या बघून झाल्या आणि आप्पा ऑपरेशनला टाळाटाळ करू लागले. आज तुळशीचं लग्न, उद्या मुलगी येणार, परवा पाय दुखतो. डॉक्टर समजावून थकले. सगळं छान होईल, काही भीती नाही, असं ते सांगत आणि आप्पा आणखीच आक्रसत. शेवटी मी त्यांच्या बाकड्यावर जाऊन बसले.

"आप्पा, पहिले खोडी आयका," मी म्हटलं. "सुई टोचतील, ती दुखेल. मग कित्येक दिवस मान न हलवता उताणं पडायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकला आला तरी दाबायचा. नंतर जाड भिंगांचा चष्मा लागेल आणि सगळं मोठं मोठं दिसेल, पाऊल चुकेल. आणि एखादा डोळा येणारही नाही. तेही होतं."

 त्यांनी विचारलं, "खाले काय देतस?"

"पातळ. चावायचं नाही."

"आते पटनं," ते म्हणाले. "डॉक्टर नुसतं चांगलं चांगलं सांगी ऱ्हायना व्हता. मले भीती वाटे."

धुळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. उजवा डोळा आला. डावा आला नाही.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. आप्पांनी दलाली पुन्हा केली नाही. डोळा आल्यावर लोक परत येऊ लागले होते, ज्याने दारातून घालवलं तो कापूसवालाही आला. पण ते म्हणाले, एका डोळ्याने अर्धीच गाडी दिसते. काही वर्षं ते नाक्यावर नुसते बसत. जीपचा सांगाडा सांधून घेतला. डॉक्टरांचा डावा पाय जरा आखूडच राहिला, क्लच दाबताना त्यांना पाठीमागे उशी लागे. त्या जीपने आम्हाला आणखी बरीच वर्षं डोंगरात नेलं आणि आणलं. आम्ही शहाद्याला राहायला आलो, तेव्हा आप्पाही मुलीकडे तिथेच आले होते. एका हिवाळ्यात, उन्हात खाटेवर बसल्या बसल्या ते गेले. त्यांच्या मुलीने मला बोलावून घेतलं. मी त्यांचे पाय धुतले, लेकीच्या बरोबरीने.

पण आप्पा म्हटलं की मला त्यांचा तो शेवट आठवत नाही. धुळ्याहून त्यांना घेऊन परत आले तो दिवस आठवतो. चष्मा आदल्या दिवशीच मिळाला होता. डोळ्यांएवढी जाड भिंगं, कानामागे दोऱ्याने बांधलेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते माझ्यासमोर उभे राहिले आणि खूप वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. दोन वर्षं ते माझ्याकडे येत होते आणि मी कशी दिसते ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"तू अशी शे व्हय!" ते म्हणाले. "मले वाटे, तू चांगली उंच व्हशी."

मी हसायला लागले आणि हसता हसता मला पदर डोळ्यांना लावावा लागला. ते गोंधळून म्हणाले, "बुटकी बी चांगलीच शे."

मग आम्ही एस.टी.त बसलो. त्यांना खिडकी दिली. साक्रीचा रस्ता लागला. ऊन छान होतं, शेतांत कापूस फुटलेला. आप्पांनी खिडकीच्या गजांना दोन्ही हातांनी धरलं आणि बोलायला सुरुवात केली. तठे पांढरा बैल शे. ती बाई डोकावर गवत लई चालनी. तो दख, पोऱ्या झाडवर चढेल शे, उतराले घाबरस. गाडीतली माणसं वळून बघायला लागली. समोरचा कंडक्टर हसला. मला सगळं दिसत होतं, पण मी बाहेर बघितलं नाही. त्यांच्याकडे तोंड करून बसले आणि विसरवाडी येईपर्यंत, ते सांगतील तेवढं, ऐकत राहिले.